नऊचा सिनेमा साडेसातला

जानेवारीतला रविवार. सकाळी पावणेआठला मावशींचा फोन.

"अरे, तुझं यंत्र साडेसातला सिनेमा म्हणालंय. मी चहा घेऊन टीव्हीपुढं बसले. इथं अभंग चाललेत. पंधरा मिनिटं झाली, संपेनात."

मी म्हटलं, चॅनेल चुकलं असेल.

"चॅनेल चुकायला मी काय आंधळी आहे?" त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. दिसत त्यांनाही नाही, मलाही नाही.

त्या सिनेमापर्यंत पोचायला आम्हाला सहा आठवडे लागले, त्याचं हे टिपण. मी निपाणीत राहतो. दृष्टी गेलेल्या माणसांना संगणक आणि मोबाइल शिकवतो, तोही घरोघरी जाऊन. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, माझा रोजचा सोबती. बँकेचं पान, रेल्वेचं तिकीट, वीजबिल यांची प्रकरणं माझ्याकडं ढिगानं आहेत. तरी टीव्हीच्या वेळापत्रकाचं प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण याच्या इतकं सोपं दिसणारं आणि इतकं अडवणारं पान मला दुसरं भेटलेलं नाही. शिवाय आम्ही सीमेवर राहतो याचा फटका वेळापत्रकालाही बसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मावशी चौसष्ट वर्षांच्या. माझ्या आईच्या मैत्रीण, म्हणून मावशी. तरुणपणी त्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, पुढं कोर्टाबाहेर टेबल टाकून वकिलांचे अर्ज आणि करारपत्रं टाइप केली. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही गेलं. त्याला आता सहा वर्षं झाली. काका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, आता घरीच असतात. त्यांना दिसतं, पण मोबाइलवर काही वाचून दाखवा म्हटलं की "चष्मा कुठं ठेवलाय बघतो" म्हणून जे जातात ते जेवायलाच परत येतात. नातू अर्जुननगरच्या कॉलेजात शिकतो. बाहेरगावच्यांना हे समजावून सांगावं लागतं: कॉलेजला सगळे निपाणीचंच म्हणतात, पण ते आहे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आमचं गाव कर्नाटकात. मधे चालत जाण्याइतकंच अंतर. ही गोष्ट पुढं कामाला येणार आहे.

मावशींची मागणी साधी होती. रात्री कुठल्या चॅनेलवर कुठला सिनेमा आहे आणि सप्ताहात कीर्तनाला गेल्यामुळं बुडालेला मालिकेचा भाग दुसऱ्या दिवशी किती वाजता परत लागतो, एवढं त्यांना कुणाला न विचारता कळायला हवं होतं. "विचारलं की सांगतात रे सगळे. पण रोज काय विचारायचं? शेवटी मीच म्हणते, जाऊ दे."

पूर्वी हे काम वर्तमानपत्रातली चौकट करायची. पण चॅनेलं वाढत गेली. 1999 ला अल्फा मराठी आलं, तेच पुढं झी मराठी झालं. 2000 ला ईटीव्ही मराठी, 2008 ला स्टार प्रवाह, 2018 ला सोनी मराठी. त्यात सिनेमांची चॅनेलं वेगळी. चौकटीत मावणार किती? हळूहळू वेळापत्रक सेटटॉप बॉक्सच्या गाइडमध्ये आणि इंटरनेटवर गेलं. मावशींच्या रिमोटवर गाइडचं बटण आहे. ते दाबलं की दिसणाऱ्याला पडदाभर तक्ता दिसतो. मावशींना ऐकू येतो तो आधीचाच कार्यक्रम, जणू बटण दाबलंच नाही. अमेरिकेत 2010 च्या कायद्यातून पुढं नियम झाले आणि 2016 च्या डिसेंबरपासून तिथल्या केबल कंपन्यांना मागणाऱ्याला बोलणारं गाइड द्यावं लागतं. आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, रिमोटचे सेल टाकून देऊ काय?"

राहता राहिला लॅपटॉप. नातवाचा जुना लॅपटॉप धूळ खात होता. त्यावर मी एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडरचं सॉफ्टवेअर टाकलं. ऑस्ट्रेलियात मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या माणसानं 2006 मध्ये ते लिहायला घेतलं. ते फुकट आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास सगळे तेच वापरतात. मोबाइल सोडून लॅपटॉप का, असं कुणी विचारेल. मावशींची बोटं हे त्याचं उत्तर. काचेवर बोट सरकवताना त्या चाचपडायच्या. कीबोर्ड पुढं ठेवला तर दोन्ही हात आपोआप जागेवर बसले आणि त्या पुटपुटल्या, "एएसडीएफजीएफ, सेमिकोलन एलकेजेएचजे." टायपिंगचा पहिला धडा. एनव्हीडीएची आज्ञाकळ, म्हणजे त्याला हुकूम देताना सोबत दाबायची कळ, मी कॅप्स लॉकवर ठेवली. "म्हणजे टाइपरायटरच्या शिफ्ट लॉकला बढती मिळाली," त्या म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी पान उघडलं आणि लॅपटॉप गप्प बसला. वेळापत्रकाची जी साइट नातवानं सुचवली होती तिचं पान पूर्ण उघडलं होतं. मी बाणाची कळ दाबत खाली जात होतो. मधूनच एखादा इंग्रजी शब्द यायचा, एखादा आकडा, मग पुन्हा शांतता. नातवानं पडद्यावर बघितलं आणि म्हणाला, "हे सगळं कानडीत आलंय की."

साइटनं आमचं नेट कर्नाटकातलं आहे एवढं ओळखलं, मेनू कानडीत दिले आणि कानडी चॅनेलं वर आणून ठेवली. लॅपटॉपवर मी विंडोजमधला हिंदी आवाज बसवला होता, कारण तो माणसासारखा वाटतो. त्या आवाजाला कानडी लिपी येत नाही आणि जे येत नाही ते तो सरळ गाळतो. मावशींना कानडी कळतं. बाजारात, बँकेत, एसटीत आमचं सगळ्यांचंच थोडंथोडं कानडीवर चालतं. चंदना वाहिनीवरच्या बातम्याही त्या ऐकतात. अडलं होतं ते आवाजापाशी. डोळस माणसाला परकी लिपी निदान परकी आहे एवढं तरी दिसतं. कानानं वाचणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही.

ब्राउझरमध्ये पसंतीच्या भाषांची यादी असते, त्यात मराठी पहिल्या नंबरावर टाकता येते आणि ब्राउझर ती प्रत्येक साइटला कळवतो. आम्ही ती टाकली. साइटनं ढुंकून बघितलं नाही. मग नातवानं त्याच्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं. त्याचं सिम कागलमधून घेतलेलं. त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, तेच पान आता मराठी चॅनेलं वर घेऊन आलं! काका आतून म्हणाले, "सत्तर वर्षं भांडून झालं नाही ते सिमकार्डानं केलं." ती त्यांची नेहमीची खोच आहे, मी फक्त टिपून ठेवतो. कुणाला काय वाचायचं आहे हे त्याच्या नेटच्या पत्त्यावरून ठरवणं मुळात चूक, असं मला वाटतं. पुण्यात, मुंबईत बसलेल्याच्या हे लक्षात येत नाही, कारण तिथं राज्य आणि भाषा बहुतेक वेळा जुळतात. निपाणी, खानापूर, बेळगाव, भालकी, कारवार इथं जुळत नाहीत.

रोज नातवाचं नेट मागायचं तर विचारण्याचंच दुसरं रूप झालं. म्हणून मी हिंदी आवाज काढून ईस्पीक लावला. तो एनव्हीडीएबरोबरच येतो. मराठी येतं, कन्नडही येतं. आवाज म्हणाल तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. मावशींनी दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हिंदीवाला 'ळ' खात होता. हा निदान कळतंय तसं म्हणतोय." आता कानडी मेनूही ऐकू येऊ लागला आणि भाषा बदलायचा दुवा सापडला. पान इंग्रजीत घेतलं, कारण मराठीचा पर्यायच नव्हता. इंग्रजीत कार्यक्रमांची नावं रोमन लिपीत, त्यामुळं बातम्यांच्या "बॅटम्या" झाल्या आणि कीर्तनाचं "किर्टन". ते मात्र चालतं. वर्षभर इंग्रज पाहुणा घरी राहिला तर त्याचं मराठी कळायला लागतं, तसंच.

खरी लढाई इथून पुढं होती.

वेळापत्रकाचं ते पान दिसतं कसं, हे मी नातवाकडून समजून घेतलं. डावीकडं उभ्या ओळीत चॅनेलांची चिन्हं. वर आडव्या पट्टीत वेळा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या. मधे चौकोन. अर्ध्या तासाचा कार्यक्रम असेल तर अरुंद चौकोन, सिनेमा असेल तर लांबलचक. डोळा चौकोनावरून वर जातो, वेळ बघतो, डावीकडं जातो, चॅनेल बघतो. कार्यक्रम कधी आणि कुठं आहे हे कुठल्याच शब्दात लिहिलेलं नाही, ते चौकोनाच्या जागेत आहे.

कानाला जागा नसते. स्क्रीन रीडर पान त्याच्या कोडच्या क्रमानं वाचतो आणि या पानाच्या कोडमध्ये आधी सगळ्या वेळा होत्या, मग सगळी चिन्हं, मग सगळे कार्यक्रम. म्हणून मावशींच्या कानावर जे पडलं ते असं:

"क्लिकेबल बारा. क्लिकेबल बारा तीस. क्लिकेबल एक. क्लिकेबल एक तीस." असं अठ्ठेचाळीस वेळा. त्यानंतर "ग्राफिक लिंक सीएच अंडरस्कोअर वन टू झिरो फोर. ग्राफिक लिंक सीएच अंडरस्कोअर वन टू झिरो सेव्हन." चिन्हांना नाव दिलेलं नव्हतं, म्हणून एनव्हीडीए दुव्याच्या पत्त्याचा तुकडा वाचत होतं. आणि मग एका दमात "बॅटम्या, किर्टन, बॅटम्या, हास्य, सिनेमा, बॅटम्या". कुठल्या चॅनेलवर? किती वाजता? काही नाही.

मी त्यांना हे शब्दांत समजावू बघत होतो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"थांब. हे स्टेटमेंट आहे."

टायपिंगच्या परीक्षेत स्टेटमेंट हा स्वतंत्र प्रश्न असायचा. तक्ता टाइप करायचा. आधी प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द मोजायचा, त्यावरून टॅबचे थांबे लावायचे, प्रत्येक रकान्यावर मथळा मधोमध बसवायचा. मथळा सरकला की मार्क गेले. मावशींनी वर्षानुवर्षं पोरींच्या चुका यातच काढल्या होत्या. "ह्यांनी मथळे एका कागदावर टाइप केलेत, आकडे दुसऱ्या कागदावर, आणि साहेबाच्या टेबलावर दोन्ही सुटे ठेवलेत. साहेब वाचेल कसा? नापास."

वेबच्या जाणकारांना हेच सांगायला पाच पानं लागतात. पान बनवण्याच्या भाषेत तक्त्यासाठी वेगळी खूण आहे, मथळ्याच्या घरासाठी वेगळी, आणि हा मथळा उभ्या रकान्याचा की आडव्या ओळीचा हेही सांगता येतं. 2008 पासून दुसऱ्या आवृत्तीत असलेल्या आंतरराष्ट्रीय सुलभता मार्गदर्शिकेत हे पहिल्या पायरीवरचं कलम आहे: डोळ्याला मांडणीतून जे कळतं ते कोडमध्येही असलं पाहिजे. आमच्या पानात तक्ता नव्हताच. सुटे चौकोन पिक्सेल मोजून शेजारी शेजारी चिकटवलेले होते.

खरा तक्ता कसा लागतो हे त्यांना कळावं म्हणून मी नोटपॅडमध्ये तीन चॅनेलं आणि तीन वेळांचा एक छोटा तक्ता पान बनवण्याच्या भाषेत हातानं लिहून ब्राउझरमध्ये उघडून दिला. कंट्रोल आणि आल्ट दाबून उजवा बाण मारला की "नऊ, सिनेमा" असं ऐकू येतं, खाली बाण मारला की चॅनेलचं नाव आणि कार्यक्रम. मावशींनी रात्री बसून सराव केला. दुसऱ्या दिवशी नातू लॅपटॉप उघडून ओरडला, कारण पडद्यावरचं सगळं उलटं झालं होतं. काही जुन्या लॅपटॉपांत हीच कळजोडी पडदा फिरवते आणि मावशींनी तक्त्याच्या बाहेर, डेस्कटॉपवरही सराव केला होता. त्यांना फरक पडला नव्हता. उलट्या पडद्यावर त्या रात्रभर छान काम करत होत्या.

या सरावात मलाही एक गोष्ट कळली. तक्ता नीट केला की झालं, असंच मी तोवर सगळ्यांना सांगत आलो होतो. पण तीन तासांचा सिनेमा सहा रकान्यांवर पसरतो. त्या घरात गेलं की एनव्हीडीए "रकाना तीन ते आठ" असं काहीतरी सांगतं आणि तिथून खाली उतरलं की आपण कितीच्या रकान्यात आलो याचा हिशेब लागत नाही. नियमानं निर्दोष असलेला तक्तासुद्धा वेळापत्रकासाठी कानाला जड जातो. कानाला हवी असते ओळ: वेळ, कार्यक्रम, वेळ, कार्यक्रम. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर निवेदिका सकाळी दिवसभराचे कार्यक्रम सांगते, तसं.

म्हणजे शोधायचं होतं ते यादीचं पान. ते त्याच साइटवर होतं. चॅनेलच्या चिन्हावर गेलं की त्या एकाच चॅनेलचं आठवडाभराचं पान उघडायचं, दर दिवसाला तारखेचा मथळा आणि खाली ओळीनं कार्यक्रम. फक्त तिथवर पोचायचं कसं? मराठी चॅनेलं यादीत खालच्या बाजूला होती आणि खालची चॅनेलं पान सरकवल्याशिवाय कोडमध्ये येतच नव्हती. माउसचं चाक फिरवणाऱ्याला ती आपसूक येताना दिसतात. मावशींच्या दृष्टीनं पान तिसाव्या चॅनेलला संपत होतं. त्या म्हणायच्या, "मराठी नाहीतच बघ यात," आणि त्यांच्यापुरतं ते खरं होतं. कुठल्या भाषेची चॅनेलं हवीत ते निवडायची पेटी वर होती, पण तीही बनावट. खऱ्या पेटीवर सी दाबलं की एनव्हीडीए उडी मारतं, इथं नुसतंच "क्लिकेबल लँग्वेज". एंटर मारलं तर काहीच घडलं नाहीसं वाटायचं. एक दिवस वैतागून मी कंट्रोल आणि एंड दाबलं. तर पानाच्या अगदी तळाशी, सगळ्या जाहिरातींच्याही खाली, भाषांची यादी उघडून बसलेली! दिसायला ती पेटीला चिकटून, कोडमध्ये पार शेवटी. शिवाय दर मिनिटाला "आत्ता"ची उभी रेघ पुढं सरकवायला पान स्वतःला ताजं करून घ्यायचं आणि आम्ही पुन्हा वर, "क्लिकेबल बारा"पाशी. मावशी त्याला सापशिडी म्हणायच्या.

मराठी निवडल्यावर एकेका चॅनेलच्या पानावर गेलो आणि पाच पानांचे शॉर्टकट डेस्कटॉपवर करून ठेवले. नावं मावशींनी त्यांच्या सोयीनं दिली, प्रत्येकाचं पहिलं अक्षर वेगळं, म्हणजे ते अक्षर दाबलं की तिथं पोचता येतं. त्या तक्त्याच्या पानावर परत जायचंच नाही असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी एकटीनं शॉर्टकट उघडला, एच दाबत रविवारच्या मथळ्यावर गेल्या, खाली बाण मारत गेल्या आणि सिनेमा सापडला. वेळ सकाळी साडेसात. मला फोन करून सांगितलं तेव्हा आवाज पहिलीतल्या मुलीसारखा.

आणि रविवारी अभंग.

मी त्यांना ते पान पुन्हा उघडायला सांगितलं. फोन कानाशी, लॅपटॉप शेजारी, पत्र्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. पानावर चालू कार्यक्रमापाशी "आत्ता सुरू" अशी खूण असते, ती शोधायला सांगितलं. कॅप्स लॉक, कंट्रोल आणि एफ, शोधा. सापडलं. अभंगांचाच कार्यक्रम होता. म्हणजे चॅनेल बरोबर, पानही बरोबर.

"वेळ काय म्हणतंय?"

"पाच तीस पीएम. शनिवार."

आणि अभंग खरोखर सुरू झाले होते रविवारी सकाळी सातला, हे काकांनी सांगितलं, कारण ते सातपासून ऐकत होते. शनिवार संध्याकाळचे साडेपाच ते रविवार सकाळचे सात. साडेतेरा तास. हा आकडा ऐकला की, ज्याचा भाऊ कॅलिफोर्नियात आहे त्याला कुणी सांगावं लागत नाही. माझा आहे.

मी घड्याळ तपासायला सांगितलं. कॅप्स लॉक आणि एफ12: "सात एकावन्न". अगदी बरोबर. म्हणूनच आम्हाला कधी संशय आला नव्हता. नातवाला उठवून सेटिंगमध्ये घातलं, तेव्हा लॅपटॉपचा वेळविभाग निघाला पॅसिफिक, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. दुकानात विंडोज टाकताना विभाग आला तसा ठेवला गेला आणि काटे मात्र हातानं भारताच्या वेळेला फिरवले गेले, असं माझं अनुमान. असे लॅपटॉप आमच्या भागात मी आणखी दोन बघितलेत. साइट सगळ्या वेळा जागतिक वेळेत ठेवते आणि समोरच्या यंत्राच्या विभागाप्रमाणं फिरवून दाखवते. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं, पॅसिफिक हिवाळ्यात आठ तास मागं. रात्री नऊचा सिनेमा त्याच दिवशी सकाळी साडेसातला जाऊन बसला.

इतके आठवडे ही चूक आम्हाला कशी कळली नाही, याचा मी नंतर विचार केला. तक्त्याच्या पानावर वेळ आणि कार्यक्रम एकमेकांशी कधी जुळलेच नव्हते. वेळ चुकली आहे हे कळायला आधी वेळ कळावी लागते. बंद पडलेल्या घड्याळाची दुसऱ्या खोलीत कोण चौकशी करतं?

नातवानं विभाग बदलला. बदलताना लॅपटॉपनं यादी वाचली: "चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली."

"ह्यात बेळगाव कुठं नाही," मावशी म्हणाल्या.

विभाग बदलला की घड्याळ साडेतेरा तास पुढं उडी मारतं, तेही आपोआप लागेल असं करून ठेवलं. पान परत उघडलं. सिनेमा: रविवार, नऊ पीएम. आजच. म्हणजे चुकीच्या वेळेला बसल्यामुळं सिनेमा बुडाला नव्हता, उलट बारा-तेरा तास हातात होते. त्या रात्री त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि साडेअकराला मला मेसेज आला, "शेवट आवडला नाही."

त्या साइटला मी पत्र लिहिलं. चिन्हांना नावं द्या, भाषेची पेटी खरी करा, ब्राउझरची भाषा ऐका, वेळेपुढं "भारतीय वेळ" असं लिहा, आणि तक्त्याशेजारी यादीचा दुवा सगळ्यात वर ठेवा. शेवटची मागणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मोलाची, कारण यादीची पानं त्यांच्याकडं तयारच आहेत. कायद्याचंही एक वाक्य टाकलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 42 माहिती-तंत्रज्ञान सुलभ असण्याबद्दल आहे आणि 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम 21 चा भाग मानला. मावशींनी मसुदा ऐकला. कोर्टाबाहेर आयुष्य गेल्यामुळं त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. "विनंती आहे" खोडून "कळविण्यात येते" घाला, आणि कलम पहिल्या परिच्छेदात घ्या, शेवटचा परिच्छेद कुणी वाचत नाही. सूचनेबद्दल आभारी आहोत, असं छापील उत्तर आलंय. पुढचं अजून काही नाही.

बुडालेल्या भागाचा प्रश्न अर्धवटच सुटला. पुन्हा लागणाऱ्या भागापुढं साइट फक्त मालिकेचं नाव देते, तो कालचा भाग की परवाचा हे सांगत नाही. त्यावर मावशींनी स्वतःचा तोडगा काढलाय. दर सोमवारी त्या पाच पानं ऐकतात आणि नोटपॅडमध्ये आठवड्याची यादी टाइप करतात. आधी वार, मग वेळ, मग चॅनेलचा रिमोटवरचा नंबर, मग कार्यक्रम. चोवीस तासांचं घड्याळ नाही, कारण "वीस तीस" ऐकलं की त्यांना दर सांगितल्यासारखं वाटतं. तिथं त्या "रात्री साडेआठ" असं अक्षरी लिहितात. रिमोटच्या पाचाच्या बटणावर उंचवटा असतो, त्यावर बोट ठेवून बाकीचे आकडे सापडतात. केबलवाल्यानं नंबर बदलले की दोन दिवस त्याचा उद्धार चालतो आणि मग यादी सुधारली जाते. ही यादी आता शेजारच्या दोन डोळस बायकाही मागून नेतात. काका ती मोबाइलवर घेतात आणि चष्मा शोधायला जातात.

गेल्या रविवारी रात्री साडेआठच्या पुढं मावशींचा फोन आला. पान उघडल्या उघडल्या मधेच काहीतरी नवीन येऊन बसलंय, "अलाऊ नोटिफिकेशन्स" असं काहीतरी म्हणालंय, खालचं वाचूच देईना. मी म्हटलं, एस्केप दाबून—

"दाबलं. गेलं. नुसतं सांगायला फोन केला. ठेवते, नऊ वाजायला आले."